अंकोरवाट व डॉलरची तजवीज

कंबोज देशांत सिएम रीप नगराजवळ अंकोरवाट हें विष्णुमंदिर आहे. दुसऱ्या सूर्यवर्म्यानें तें बाराव्या शतकांत उभारिलें. पण तेथील दर्शनाचें मोल डॉलरांत द्यावें लागतें! एक दिवसाच्या प्रवेशपत्रास ३७, तीन दिवसांच्यास ६२ व सात दिवसांच्यास ७२ डॉलर पडतात. १९७५ सालीं ख्मेर रूज राजवटीनें त्या देशांतील चलनच बंद केलें. १९८० सालीं रिएल पुन्हां निघाला. परंतु १९९२-९३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या पथकामागून डॉलर आला, तो बाजारांत रुळला.

प्रवेशपत्रें घरबसल्या मिळतात. आम्हांस तीं चौघांसाठीं, तीन दिवसांचीं हवीं होतीं, म्हणजे २४८ डॉलरांचीं. रुपयांच्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के वटणावळ धरली, तर साडेआठ डॉलरांहून अधिक जातात. शिवाय एकत्र कुटुंबाची पुंजी ज्या खात्यांत, त्याचा क्रमांक परक्यास कां द्यावा? म्हणून आम्हीं डॉलर भरलेलें आभासी कार्ड पसंत केलें. क्रमांक चोरीस गेला, तरी हानि भरलेल्या रकमेपुरतीच.

तें निवडतांना डॉलरचा भाव, काढण्याभरण्याचें शुल्क, शिल्लक परत घेतांना होणारी कपात व मोबाइलवरून तत्काळ बंद करण्याची सोय, हीं चार पाहावीं. अन्य चलनांत वापरल्यास वटणावळ पुन्हां पडते. किरकोळ खरेदीस मात्र डॉलरच्या लहान नोटा जवळ असाव्या. सुटे पैसे रिएलमध्यें मिळतात, डॉलरास सुमारें चार हजार.

एवढी तजवीज घरींच झाली, म्हणजे त्या पश्चिमाभिमुख महाद्वाराशीं यात्रेकरूस खिसा चाचपीत उभें राहावें लागत नाहीं.