दोन गिरक्या : वऱ्हाडी कापूस, मुंबईची शिडे आणि एक दुरुस्ती

१/ मागील दिवाळीत मी इथेच एक धागा लिहिला होता. त्यातले एक विधान तुमच्यापैकी अनेकांनी पुढे पाठवले : एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात साहेबांच्या शर्यतीच्या नौका ज्या शिडांवर धावत, ती शिडे आमच्या वऱ्हाडी कापसाची होती. ते विधान चुकीचे आहे. आजचा धागा त्या चुकीविषयी, आणि ती मला कशी उमगली याविषयी.

२/ मी अचलपूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे सापन आणि बिच्छन या नद्या, आणि गावाबाहेरचा हौज कटोरा. एका मोठ्या हौदाच्या मध्यभागी उभा असलेला हा अष्टकोनी मनोरा. लहानपणी मला वाटे, समुद्र असाच असेल, फक्त थोडा मोठा. आमच्या नद्यांचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. समुद्राशी आमचा नैसर्गिक संबंध एवढाच.

३/ दुसरा संबंध माणसांनी जोडला, तो कापसाचा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्यांचे डोळे लागले. रेल्वे आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. तिथून मुंबई, आणि मुंबईहून जहाज.

४/ हा व्यापार एवढा मोठा होता की मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ हे नावच पडले. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. ज्यांनी अमरावती नकाशातही पाहिली नव्हती, असे दलाल तिचे नाव रोज घेत होते.

५/ आता दुसरे टोक. मुंबईत १८४६ साली यॉट क्लब स्थापन झाला. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अनुमतीने त्याच्या नावामागे ‘रॉयल’ लागले. अपोलो बंदरावर त्याची वास्तू उभी राहिली तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता. तो पूर्ण झाला १९२४ मध्ये. क्लबची ती जुनी वास्तू आज अणुऊर्जा विभागाकडे आहे.

६/ आणि तिसरा दुवा. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती झालेल्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने ब्रिटिश नौकांना हरवले. ब्रिटिशांची शिडे जवसाच्या तागाची, म्हणजे लिननची, होती. ‘अमेरिके’ची यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची. सुती शीड कमी ताणले जाते, आकार धरून राहते. त्यानंतर ब्रिटिश नौकांनीही सुती शिडे स्वीकारली.

७/ पुढे काय झाले, ते तुमच्या लक्षात आले असेल. शर्यतीची शिडे सुती असत : खरे. मुंबईत शर्यती होत : खरे. मुंबईत वऱ्हाडचा कापूस येई : खरे. तीन खऱ्या विधानांच्या मध्ये एक पोकळी होती, आणि ती मी अभिमानाने भरून काढली. एकही कागद हाती नसताना लिहिले : ती शिडे आमच्या कापसाची.

८/ धागा खूप वाचला गेला. गावातल्या एका शिक्षकांनी तो वर्गात वाचून दाखवला. माझे आजोबा अनेक वर्षे जिनिंगमध्ये होते. त्यांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही. मी त्यांना धागा वाचून दाखवला तेव्हा ते नुसते हसले आणि म्हणाले, “चांगलं लिवलं.” ते हसू मी कौतुकाचे समजले.

९/ फेब्रुवारीत मुंबईला अभिलेखागारात काम होते. धागा वाचून ओळख झालेल्या एका मैत्रिणीने विचारले, “रविवारी येतेस का शर्यतीला?” ती बंदरातल्या एका हौशी नौकामंडळाची सभासद. त्यांच्या हंगामातली ती स्नेहशर्यत होती : सकाळी शर्यत, मग सगळ्या नौकांनी मिळून मांडव्याच्या दिशेने सफर, डबे उघडून जेवण, संध्याकाळच्या आत परत. पाहुण्यांना मुभा होती.

१०/ मुंबईत शिडांच्या नौकांचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे बंदरात शिरले की नौका पाण्याबाहेर काढतात, डोलकाठ्या उतरवतात, दोर सुकवतात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा दर्यावर जातात; शर्यतीवाले आणखी दोन-तीन महिने थांबतात.

११/ हे ऐकताना मी थबकले. नोव्हेंबर ते मे हा तर आमच्या कापसाचाही हंगाम! दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, हिवाळाभर जिनिंग चालतात, आणि पाऊस येण्याआधी माल बंदरातून हलवायचा असतो. ज्या महिन्यांत ऊमराच्या गाठी धक्क्यावर येत, त्याच महिन्यांत त्याच पाण्यावर साहेबांची शिडे फुगत. दोन्ही पंचांगे एकाच पावसाने लिहिलेली.

१२/ शर्यतीविषयी थोडे सांगते, कारण ती मला वाटले त्यापेक्षा वेगळी निघाली. नौका रेषेवर उभ्या राहून सुटत नाहीत. शिडाची नौका उभी राहूच शकत नाही. पाच मिनिटे आधी एक निशाण चढते, चार मिनिटे आधी दुसरे. एक मिनिट उरले की दुसरे उतरते, आणि सुटण्याच्या क्षणी पहिले. तोवर साऱ्या नौका रेषेमागे घिरट्या घालत असतात. नेमक्या क्षणी नेमक्या जागी असणे हेच कौशल्य.

१३/ आणि जी आधी पोहोचली ती जिंकलीच, असेही नाही. नौका वेगवेगळ्या घडणीच्या, काही मुळातच वेगवान. म्हणून प्रत्येक प्रकाराला एक आकडा ठरलेला असतो. लागलेल्या वेळेला त्याने हिशेब लावतात आणि मग क्रम ठरतो. जुन्या, जड नौकेतल्या आजोबांनी चपळ नौकेतल्या नातवाला हरवावे, अशी ही सोय. स्नेहशर्यतीतला स्नेह बराचसा या हिशेबात आहे.

१४/ आमच्या नौकेचे सुकाणू एका वयस्कर काकांकडे होते. सकाळी वारा जमिनीकडून, मंद. दुपारकडे तो वायव्येकडून समुद्रावरून भरू लागला. मुंबई बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे ५ मीटरांचा फरक पडतो, त्यामुळे पाण्याखालचा ओढा वाऱ्याइतकाच महत्त्वाचा. काका वाऱ्याकडे कमी आणि बोयाभोवती पाणी कसे वळते याकडे जास्त पाहत होते.

१५/ दक्षिणेकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “तिकडे काय आहे माहीत आहे ना, इतिहासवाल्या बाई?” खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली ते बेट ताब्यात घेतले आणि तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी वेढा घातला. पण मराठ्यांच्या लहान, कमी खोलीच्या होड्या त्यांच्या जहाजांना चुकवून रसद पोहोचवत राहिल्या, आणि १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. याच वाऱ्यावर, याच ओढ्यावर.

१६/ दुसऱ्या बोयापाशी ती घटना घडली. वळण घेताना आमच्या नौकेची कड एका नौकेच्या वाटेत किंचित गेली. हक्क तिचा होता : वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या नौकेला डाव्या बाजूने घेणारीने वाट द्यायची. धक्का लागला नाही. त्या नौकेतल्या कुणी हाक दिली नाही. पंच नव्हताच. काकांनी मात्र लगेच मोकळ्या पाण्यात नौका काढली आणि पूर्ण दोन गिरक्या घेतल्या. आमच्या मागच्या तीन नौका पुढे निघून गेल्या.

१७/ “कुणी पाहिले नव्हते,” मी म्हणाले. काका म्हणाले, “मी पाहिले होते.” या खेळाचा पाया हाच आहे, असे मैत्रिणीने नंतर सांगितले. नियम मोडला तर स्पर्धकाने तत्काळ आपणहून शिक्षा घ्यायची : साधारणपणे दोन गिरक्या, बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक. समुद्रावर प्रत्येकामागे पंच ठेवता येत नाही, म्हणून पंच ज्याने त्याने स्वतःजवळ बाळगायचा.

१८/ जेवताना मैत्रिणीने काकांना माझ्या धाग्याविषयी सांगितले. आजची शिडे कृत्रिम धाग्याची असतात, पण काकांनी तरुणपणी सुती शिडे हाताळलेली. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “वऱ्हाडचा कापूस? पण त्याचा तंतू किती लांब?” मला उत्तर येत नव्हते. कापसावर लिहिणाऱ्या, कापसाच्या गावातल्या मुलीला.

१९/ पुढचे काही दिवस मी तेवढेच वाचले. वऱ्हाडात मुख्य जाती दोन : बनी आणि जरी. बनीचा तंतू चांगला, पण उत्पन्न कमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकरी जरीकडे वळला, कारण तिला सरकी काढल्यावर रुई अधिक पडे. जरीचा तंतू आखूड आणि भरड, एका इंचाहूनही कमी. यादवी युद्ध संपताच लँकेशायर पुन्हा अमेरिकी कापसाकडे वळले. ऊमराला पुढे युरोपातली इतर गिऱ्हाइके आणि जपान मिळाले.

२०/ आणि शर्यतीची शिडे? त्यांना लांब तंतूचे, घट्ट, न ताणले जाणारे कापड लागे. इंग्लंडचे नामांकित शीडकर्ते त्यासाठी पुढे इजिप्तचा कापूस पसंत करू लागले. ऊमराच्या भरड सुताचे ते काम नव्हते. माझ्या विधानाला पुरावा नव्हताच. आता त्याच्या विरोधात वस्तुस्थिती उभी होती.

२१/ असे मोह आणखीही आहेत. अचलपूर–मूर्तिजापूर ही आमची ७६ किलोमीटरची अरुंद रूळमार्गाची ‘शकुंतला’ कापसासाठीच आली, आणि तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही कंपनी होती. इंग्रज नाविकांच्या बोलीत ‘किलिक’ म्हणजे लहानसा नांगर! दिवाळीतल्या मी यावर एक सुंदर परिच्छेद लिहिला असता. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, बस्स. प्रत्येक योगायोग म्हणजे दुवा नव्हे.

२२/ मग खरे काय उरते? कमी नाही. एकच मोसम, एकच बंदर. कापसाच्या गाठी वाहणारे हमाल आणि शिडे ओढणारे खलाशी इथले; पण त्या क्लबचे सभासदत्व स्वातंत्र्यापूर्वी इथल्या माणसांना नव्हते. आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या नौकाशर्यती जेव्हा याच मुंबईच्या पाण्यावर झाल्या, तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. या इतिहासाला माझ्या कल्पनेच्या ठिगळाची गरज नव्हती.

२३/ गावी आल्यावर आजोबांना सांगितले की माझे चुकले. ते पुन्हा तसेच हसले. उठून फडताळातून रुईचा पुंजका आणला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला आणि सुटलेले तंतू माझ्या तळहातावर ठेवले. जिनिंगमध्ये माल पारखायची ही त्यांची रीत.
“मले तवाच समजलं व्हतं,” ते म्हणाले. “जुना आपला कापूस आखूड. त्याचं शीड पयल्याच वाऱ्यात फाटलं असतं.”
“मग बोलला का नाहीत?”
“तू येवढी खुश व्हती. अन् तू शिकेल पोरगी. मले वाटलं, तुले माईत असन.”

२४/ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. ज्या माणसाच्या बोटांत माझ्या प्रश्नाचे उत्तर होते, त्याला मी प्रश्न विचारलाच नाही. उलट त्याला त्याच्याच कापसाविषयी एक गोष्ट वाचून दाखवली. आणि मी ‘शिकलेली’ म्हणून तो गप्प बसला. चुकीची विधाने पसरतात ती केवळ लिहिणाऱ्याच्या उत्साहाने नव्हे. ज्यांना ठाऊक असते त्यांना बोलावेसे वाटू नये, असे आपण लिहितो म्हणूनही.

२५/ म्हणून या माझ्या दोन गिरक्या. पहिली : ‘मुंबईच्या शर्यतींची शिडे वऱ्हाडी कापसाची होती’ हे विधान मी मागे घेते. जुना धागा पुसत नाही. त्याच्या पहिल्याच ओळीखाली या दुरुस्तीचा दुवा जोडला आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवावा. त्या शिक्षकांना मी स्वतः भेटून सांगितले. त्यांनी ही दुरुस्तीही वर्गात वाचली.

२६/ दुसरी गिरकी : यापुढे आमच्या भागाविषयी काही लिहिण्याआधी, ते काम ज्याने हाताने केले आहे अशा एका तरी माणसाला मी विचारीन. नोव्हेंबरात बंदरातला हंगाम पुन्हा सुरू होईल. काकांनी आजोबांना आग्रहाने बोलावले आहे. आजोबा विचारत होते, नौकेत बसायला काही शिकावे लागते का. मी म्हटले, मला माहीत नाही, काकांना विचारू.

॥ धागा समाप्त ॥