ज्या दुकानदाराची मी ढाल केली

राजकीय जाहिरातीमागे पैसा कुणाचा, हे मतदाराला कळायलाच हवं, असं आज मी म्हणतो. पूर्वी नेमकं उलट म्हणायचो. मजकूर खरा की खोटा ते पाहा, पैसे देणाऱ्याच्या चौकशा कशाला? 2018मध्ये पक्षांना निनावी देणगी देण्याची सोय करणारे निवडणूक रोखे आले, तेव्हा तर मी त्यांची तरफदारीच केली. माझ्या युक्तिवादात एक दुकानदार असायचा. तालुक्याच्या गावचा, विरोधी पक्षाला देणगी देणारा. त्याचं नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी दारात इन्स्पेक्टर उभा राहील, हे मी इतक्या कळवळ्याने सांगायचो की समोरचा गप्प बसे.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोख्यांची ही योजना घटनाबाह्य ठरवली. निकाल वाचायला घेतला तो खरं तर खोडून काढण्यासाठी. त्यातच माझा दुकानदार निसटला. रकमेच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे एक-एक कोटीचे होते. कुठला दुकानदार एक कोटीचा रोखा घेतो? शिवाय वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव कळवण्याची सक्ती पक्षांवर आधीही नव्हती. म्हणजे त्या बिचाऱ्याला रोख्याची गरजच नव्हती.

मग गुप्तता होती कुणापासून? रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेकडे खरेदीदाराची ओळख होती, आणि बँक सरकारी. देणगीदाराला पक्षाच्या कानात आपलं नाव सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. अंधारात राहिला तो फक्त मतदार. मार्चमध्ये खरेदीदारांच्या याद्या उघड झाल्या. सर्वांत वर होती लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, 1,368 कोटींच्या रोख्यांची खरेदीदार.

लहान माणसाची भीती पुढे करून मी मोठ्या पैशाची वकिली करत होतो. कुणा खऱ्या दुकानदाराला मी कधी विचारलंही नव्हतं. तो मला सोयीचा होता, एवढंच.

आता प्रचाराचं पत्रक हातात आलं की मी तळाची बारीक ओळ वाचतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ नुसार मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते छापावेच लागतात. पण प्रकाशक कुणीही होऊ शकतो. त्याच्यामागे पैसा कुणाचा, ते ती ओळ सांगत नाही. लहान देणगीदाराला आडोसा जरूर असावा. मोठ्या रकमेला मात्र तो मागण्याचा हक्क नाही. आपलं मत वळवायला जो पैसे खर्च करतो, त्याने आपलं नावही सांगितलं पाहिजे.