कुर्ल्यात पाहिलेला गाडीचा अस्सल रंग

कुर्ला म्हटले की बाहेरगावच्या माणसाला टर्मिनस आठवते. जुन्या मोटारींच्या शौकिनांना मात्र प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आठवतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीची फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी इथूनच देशभर गेली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यातील उत्पादन त्याच्या कितीतरी आधी थांबले होते, पण सीएसटी रोडच्या बाजूला जुने सुटे भाग आणि डेंटिंग-पेंटिंगचे गाळे आजही दिसतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा मामूजानची पद्मिनी अशाच एका गाळ्यात उभी होती. मरहूम नानांनी घेतलेली ही गाडी पूर्वीसारखी करायची, एवढे ठरले होते. तंटा रंगाचा होता. मामूंच्या आठवणीत ती निळी, मामींच्या आठवणीत जवळजवळ पांढरी, आणि मुलांना हवा होता आजचा चमचमता मेटॅलिक.

उस्तादांनी वाद घातला नाही. आधी आर.सी. बुकात रंगाची नोंद पाहिली, मग दरवाजाचे आतले अस्तर काढले. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डिकीतल्या गालिच्याखाली, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे कारखान्याचा रंग तसाच राहतो. आत फिकट निळा निघाला. छतावरचा तोच रंग उन्हाने पांढुरका झाला होता. मामू आणि मामी दोघेही खरेच बोलत होते!

पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन त्यांनी बोनेट घासले. फडके निळे झाले. जुन्या गाड्यांत रंग आणि चमक एकाच थरात असे. आजच्या गाड्यांत रंगावर पारदर्शक थर असतो, म्हणून फडक्याला रंग लागत नाही. मोठ्या कारखान्यात एनॅमल भट्टीत भाजून पक्का करतात. गल्लीतल्या गाळ्यात भट्टी कुठली? तिथे हवेवर झटपट वाळणारा रंग कामी आला. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीने ‘ड्युको’ नावाने तो मोटारींसाठी आणला. आपल्याकडे ते नाव आजही कारागिरांच्या तोंडी आहे.

रंग जुळवायला अर्धा दिवस गेला. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, वाळू द्यायचा, उन्हात धरून पाहायचा. फवारा सुरू होताच उस्तादांनी तोंडावर मास्क चढवला आणि मुलांना बाहेर पिटाळले. “आरसा करू नका,” मामूंनी सांगितले. कारण कारखान्याच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे असत. जाणकार अतिचमकदार गाडी पाहून ओळखतात की काम नवे आहे.

पण आमच्या लक्षात राहिले ते वेगळेच. मागच्या मडगार्डवर उस्तादांनी लोहचुंबक फिरवला, तो एका जागी चिकटेना. खाली पुट्टीचा जाड थर आणि त्याखाली कुजलेला पत्रा होता. पूर्वी कोणीतरी गंज तसाच ठेवून वरून रंग मारला होता. वर पुन्हा रंग मारला असता तर मामूंना कधीच कळले नसते. उस्तादांनी त्यांना बोलावून दाखवले, “मामू, इथला पत्रा कापून नवा जोडावा लागेल. खर्च वाढेल,” असे स्पष्ट सांगितले. मामूंनी होकार दिला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण मुलांना नेहमी सांगतो. मडगार्डजवळ उभ्या असलेल्या आमच्या मुलांना त्या दिवशी तो वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

वाचकांपैकी कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर एक छोटा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून खिशात ठेवावा. विकणार असेल, तर रंगाखाली काय आहे ते गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगावे. भाव थोडा कमी येईल, पण कमाई हलाल राहील.