चौथी सीट

लोकलच्या बाकावर तिघांची जागा असते. चौथी सीट रेल्वेने बनवलेली नाही, ती प्रवाशांनी एकमेकांना दिली. "जरा सरकून घ्या" म्हटलं की तिघी कुरकुरत आत सरकतात आणि बाकाच्या टोकाला वीतभर फळी मोकळी होते.

डोंबिवलीहून मामाकडे दादरला जाताना आई अशी टोकाला बसायची. तिचा अर्धा भार बाकावर, अर्धा स्वतःच्या पायांवर आणि मी सगळी तिच्या मांडीवर. पारसिकच्या बोगद्यात अंधार झाला की आम्ही पोरं किंचाळायचो. कॉलेज ठाण्याला होतं, तेवढ्यासाठी बसायचं नाव काढायचं नसतं. चौथी सीट ही लांबच्यांची मिरास. फोर्टात नोकरी लागल्यावर तिचे कायदे कळले. आत शिरताच विचारायचं, "कुठे उतरणार?" घाटकोपरवालीची जागा आधीच कुणीतरी बोलून ठेवलेली असायची. काहीजणी उलट कल्याणकडे जाऊन तीच गाडी पकडून बसून येत. त्याला 'रिटर्न' म्हणतात. त्यांच्याशी डोंबिवलीत चढणाऱ्यांची रोज जुंपायची. बाहेरच्यांना ही भांडणं क्षुद्र वाटतात. मला नाही वाटत. घरी गेल्यावर ओट्यापाशी उभं राहायचं बळ त्या वीतभर फळीवरच ठरतं.

आता गुडघे दुखतात, तरी चौथीच मिळते. दरम्यान नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, काही पंधराच्या. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल बोगदा सोडून मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. पण या जादा मार्गिका कुर्ल्यापुढे सीएसएमटीपर्यंत पोचलेल्याच नाहीत; तिथे लांब पल्ल्याच्या गाड्या पुन्हा लोकलच्या वाटेत येतात. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी राहतात, त्याला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं जाहीर झालं.

आमच्या सरकून घेण्यावर रेल्वेने फार वर्षं निभावून नेलं. दारं जरूर बसवा, पण आधी कुर्ल्यापुढची मार्गिका पुरी करा आणि कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या वाढवा.