आधी तिथी, मग गळ

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा रस्ता म्हणजे कोपर्निकस मार्ग. कमानी सभागृह, दूरदर्शन भवन आणि जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर. येथून समुद्र हजारेक किलोमीटर दूर. जवळच वाहणाऱ्या यमुनेला पूर येतो, पण भरती येत नाही.

ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्या कोपर्निकसने 1543 साली पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले. पुढे 1632 मध्ये गॅलिलिओने त्याची बाजू घेताना भरती-ओहोटी हाच पुरावा म्हणून पुढे केला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचे पाणी हिंदकळते, चंद्राचा त्यात काही संबंध नाही, असे तो म्हणाला. एवढा मोठा शास्त्रज्ञ येथे मात्र चुकला. चंद्र-सूर्याच्या ओढीचा हिशेब न्यूटनने 1687 मध्ये मांडला. आपल्या कोकणातले कोळी आणि गाबीत मात्र पिढ्यान् पिढ्या चंद्राची तिथी मोजूनच होडी पाण्यात लोटत आले आहेत.

हे सांगण्याचे कारण म्हणजे कयाक. तारकर्ली, देवबाग किंवा गोव्याला गेलेल्या कुटुंबांना आता किनाऱ्यावर रंगीत प्लास्टिकच्या कयाक भाड्याने मिळतात. त्यात बसून गळाने मासे पकडण्याचा छंद आपल्याकडेही रुजू लागला आहे. इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. वल्हवणे एका सकाळीत जमते, गळ टाकणे दुसऱ्या सकाळी. पण खाडीत उतरण्यापूर्वी शिकायची खरी गोष्ट आहे ती भरती-ओहोटी.

दुतोंडी वल्ह्याची होडी

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही अरुंद होडी बनवत आणि तिच्यातून शिकार करत. आजची मासेमारीची कयाक प्लास्टिकची, साधारण दहा-बारा फूट लांब असते. नवशिक्याने वर बसायची, रुंद बुडाची कयाक घ्यावी. तिच्या तळाला आरपार भोके असतात, त्यामुळे आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. विकत घेण्याची घाई करू नये. चार-पाच वेळा भाड्याने घेऊन पाहावी.

कर्ली नदीच्या काठी

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. नदीकडची बाजू शांत, काठाला कांदळवन, पाणी निमखारे. सुरुवात करायला जागा चांगली, पण ती नदीच्या बाजूनेच. संगमाजवळ ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावते आणि समोरून लाटा येतात. मोटरबोटीने पर्यटक तेथे जातात म्हणून कयाक तेथे नेऊ नये.

पंचांगातले गणित

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दोन्ही पक्षांना हाच नियम, आणि दिवसाला तसेच रात्रीलाही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यातून हा हिशेब आला.

तो मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते, आणि खाडीत जितके आत जावे तितका तिला पोहोचायला उशीर होतो. म्हणून अचूक वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातून किंवा काठावरच्या माणसाकडूनच घ्यावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि म्हणून जोरात धावते. मुंबईला मोठ्या उधाणात हा फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. नवशिक्याला दक्षिण कोकण सोयीचे ते यासाठी.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. ओहोटीचेही तसेच. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत मोठी. त्या वेळी वल्हे मारून प्रवाहाविरुद्ध परतणे धट्ट्याकट्ट्या माणसालाही जड जाते.

यातून सकाळ ठरवता येते. एकादशीचा उपवास सुटला की खाडीचा मुहूर्त लागतो, असे म्हणायला हरकत नाही. द्वादशी-त्रयोदशीला मालवणकडे आठ-नऊच्या सुमारास पूर्ण भरती असते. उजाडल्यावर, सातच्या आसपास निघावे, चढत्या पाण्याबरोबर नदीत वर जावे, पाणी थबकेल तेव्हा गळ टाकावा आणि ओहोटीच्या पहिल्या दीड तासात, ओढ वाढण्यापूर्वी, निघालो त्या काठाला लागावे. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारेही येथे कामाला येतात. सकाळी वारा मंद असतो, उन्हे चढली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो ओहोटीच्या पाण्याला समोरून भिडला की लाटा उभ्या राहतात.

मासा कोठे असतो?

गळ टाकून मासे पकडण्याला मालवणीत 'गरवणे' म्हणतात. काठावरच्या कांदळवनात भरतीबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी शिरते. पाणी उतरू लागले की ती लहान व्हाळांतून बाहेर पडते. या तोंडाशीच मोठा मासा टपून बसलेला असतो. तेथे तंगूस सोडून जिवंत कोळंबी लावलेली गरी टाकावी. तांबोशी, गोबरा आणि जिताडा, म्हणजे मालवणकडचा चोणक, अशाच जागी मिळतात.

जिताड्याच्या कल्ल्यावरची धार बोट कापते, शेंगटीचा काटा विषारी असतो. मासा सोडवायला पक्कड न्यावी. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे मादी होतो. त्यामुळे फार मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. पिल्लू आणि असा मोठा मासा, दोन्ही पाण्यात परत सोडावेत. मधल्या मापाचा एक मासा घरच्या कालवणाला पुरे.

उलटली तर?

मे 2022 मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाणी कितीही शांत दिसो, पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळल्याशिवाय कयाकमध्ये बसू नये. पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवावा. कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटावी, सरळ करावी आणि आडवे पडून पुन्हा वर चढावे. हे पाच-सहा वेळा जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये.

नांगराची दोरी कधीही बाजूला बांधू नये. वाहत्या पाण्यात बाजूने नांगर टाकला की कयाक आडवी होते आणि उलटते. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच हवी, आणि ती कापण्यासाठी सुरी हाताशी हवी. शिटी, पाण्याची बाटली, टोपी आणि पायात बूट न्यावेत. खडकावरची कालवे तळपाय चिरतात. एकट्याने जाऊ नये, आणि परत येण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

खाडी कोणाची?

आपला हा छंद, काठावरच्या घरांचे ते पोट. पाण्यात जाळे दिसले तर वळसा घालावा. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर तिच्या वाटेत येऊ नये. पकडलेला मासा विकू नये. कांदळवनाची फांदी तोडू नये, कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्या बाजूला गळ टाकण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. गावातल्या एखाद्या जाणत्या काकांना मोबदला देऊन पहिले दोन दिवस बरोबर घ्यावे. नदीत वाळूचा बांध यंदा कोठे सरकला, हे कोणत्याही नकाशापेक्षा त्यांना नेमके ठाऊक असते.

कसे जाल?

मालवणसाठी सोयीचे रेल्वे स्थानक कुडाळ. तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. दिल्लीहून निघणाऱ्यांना निजामुद्दीनची मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेमार्गे रत्नागिरी आणि मडगावला नेते. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात नदीला पुराचे पाणी असते आणि मासळीचा विणीचा काळही तोच, तेव्हा खाडीला विश्रांती द्यावी. तिकीट काढण्यापूर्वी मात्र भिंतीवरचे कॅलेंडर उघडावे आणि सुट्टीत द्वादशी कधी येते ते पाहून घ्यावे.