बंद भांड्यातला कोळसा

ब्रेस्लाऊ शहराजवळच्या गोल्डश्मीडेन गावात फ्रीड्रिश बेर्गियस यांच्या वडिलांचा रसायनांचा कारखाना होता. ११ ऑक्टोबर १८८४ रोजी जन्मलेल्या या मुलाची रसायनशास्त्राशी पहिली ओळख झाली ती शाळेत नव्हे, तर या कारखान्यात. विद्यापीठात नाव घालण्याआधी वडिलांनी त्याला सहा महिने रूर खोऱ्यातल्या म्युलहाइमच्या लोखंडाच्या कारखान्यात धाडले. पोराने आधी हात काळे करावेत, पुस्तके आहेतच पुढे, हा कारखानदार घरातला व्यवहार. तो उपयोगी पडला. कारण पुढे बेर्गियस यांचे निम्मे आयुष्य रसायनाशी झुंजण्यात गेले आणि उरलेले, ते रसायन ज्या लोखंडी भांड्यात कोंडायचे, त्या भांड्याशी.

ब्रेस्लाऊ, लाइप्झिग, १९०७ साली डॉक्टरेट, मग बर्लिनला नेर्न्स्ट यांच्याकडे वर्षभर आणि कार्ल्सरूहेला फ्रिट्झ हाबर यांच्याकडे सहा महिने. उमेदीच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा हा रुळलेला रस्ता. पण हाबर यांच्याकडचे दिवस साधे नव्हते. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करण्याची खटपट तिथे चालली होती आणि प्रचंड दाबाखेरीज तो साधत नव्हता. बेर्गियस यांना दाबाचे वेड लागले ते तेव्हापासून. पुढे हानोव्हरला बोडेनश्टाइन यांच्या प्रयोगशाळेत ते ३०० वातावरणांपर्यंत पोचले. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत जेमतेम दोन वातावरणांचा दाब असतो, यावरून अंदाज यावा. विद्यापीठातली साधने या कामाला पुरेनात, म्हणून १९१० मध्ये त्यांनी हानोव्हरमध्येच स्वतःची प्रयोगशाळा थाटली. पंचविशीतल्या माणसाने खासगी प्रयोगशाळा काढावी, हे घरी कारखाना असल्याशिवाय सुचत नाही आणि जमतही नाही.

तिथे ते शोधत होते हायड्रोजन. अमोनियासाठी तो ढिगाने लागणार होता. कोळसा आणि पाणी बंद भांड्यात दाबाखाली तापवले तर शुद्ध हायड्रोजन मिळेल, असा त्यांचा होरा होता. प्रयोगासाठी त्यांनी पीट घेतले. पीट म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. भांडे उघडल्यावर आत जे काळे चूर्ण उरले, त्याची घडण खाणीतल्या दगडी कोळशाच्या फार जवळची निघाली. मग लाकडातले सेल्युलोज घेऊन पाहिले, तेही काळे झाले. पृथ्वीच्या पोटात लक्षावधी वर्षे चाललेले काम भांड्यात काही तासांत उरकले होते. हायड्रोजनच्या वाटेवर कोळसाच हाती लागला आणि बेर्गियस त्या वाटेने पुढे निघाले.

पुढचा प्रश्न त्यांनी उलटा घातला. दगडी कोळशात वजनाच्या पाचेक टक्के हायड्रोजन असतो, पेट्रोलमध्ये चौदाच्या आसपास. बाकी दोन्हीकडे मुख्यतः कार्बनच. मग कोळशात हायड्रोजन कोंबला तर? आधी त्यांनी जड तेलांवर हात बसवला, नंतर कोळशावर. साधारण ४०० ते ४५० अंश तापमान आणि २०० वातावरणांच्या आसपासचा दाब, या जोडीखाली कोळशाचा मोठा भाग द्रव झाला. १९१३ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. जमिनीखाली भरपूर कोळसा आणि तेलाच्या नावाने जवळजवळ शून्य, अशा जर्मनीत या पेटंटचे मोल सांगायला अर्थशास्त्री लागत नव्हता. वर्षभरात महायुद्ध पेटले.

१९१४ मध्ये एसेनच्या गोल्डश्मिट कंपनीने बेर्गियस यांना आपल्या संशोधनाचे प्रमुख नेमले आणि मानहाइमजवळ राइनाऊ येथे चाचणी कारखाना उभा राहू लागला. इथून गोष्ट रसायनाची कमी आणि फिटरची जास्त होते. प्रयोगशाळेत मूठभर कोळसा टाकून झाकण घट्ट केले की भागते. कारखान्यात तो अखंड आत जायला हवा आणि तेल अखंड बाहेर यायला हवे. दगड पंपातून जाणार कसा? म्हणून कोळसा बारीक दळून तेलात कालवायचा, त्याचा दाट काळा लगदा करायचा आणि तो पंपाने दाबाखालच्या भांड्यात रेटायचा. आत तो सतत ढवळत राहायला हवा. कारण ही प्रक्रिया स्वतःच उष्णता सोडते. एखादा कोपरा जास्त तापला तर तिथे तेलाऐवजी कोक धरतो आणि भांडे आतून चोंदते.

शिवाय तापलेला हायड्रोजन पोलादाचाही शत्रू. तो पोलादातला कार्बनच काढून घेतो आणि जाड भिंत ठिसूळ होऊन फुटते. बी.ए.एस.एफ. कंपनीत अमोनियाच्या कामावर असलेल्या कार्ल बॉश यांनी यावर तोड काढली होती. आत मऊ लोखंडाचे अस्तर, बाहेर पोलादाचे कवच आणि त्या कवचाला बारीक भोके. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन भोकांतून निघून जातो, कवचाला धक्का लागत नाही. उच्च दाबाच्या रसायनशास्त्रातली सर्वांत हुशार गोष्ट कोणती असे विचारले, तर प्रस्तुत लेखक या भोकांचेच नाव घेईल.

राइनाऊचे काम महायुद्ध संपले तरी पुरे झाले नव्हते. त्यात पैसा मात्र पाण्यासारखा गेला. अखेर १९२५ मध्ये बेर्गियस यांनी पेटंटचे हक्क बी.ए.एस.एफ.ला विकले. त्याच वर्षाच्या शेवटी ती कंपनी आय.जी. फार्बेन या अजस्र उद्योगसमूहात विलीन झाली. बेर्गियस आपल्याच शोधातून बाहेर पडले ते असे.

फार्बेनच्या लॉयना कारखान्यात १९२७ पासून तपकिरी कोळशाचे पेट्रोल होऊ लागले. पण बेर्गियस यांची कृती तिथे जशीच्या तशी राहिली नाही. माथियास पियर यांनी गंधकाला दाद न देणारे उत्प्रेरक शोधले आणि काम टप्प्याटप्प्यांत वाटले. पेट्रोल झाले, पण परदेशातून येणाऱ्या पेट्रोलच्या कितीतरी पट महाग. त्यातच १९३० मध्ये पूर्व टेक्सासात तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि जगभर तेलाचे भाव कोसळले. या घोटाळ्याच्या ऐन मध्यावर, १९३१ साली, रसायनशास्त्राचे नोबेल बॉश आणि बेर्गियस यांना मिळून जाहीर झाले. तोट्यातल्या उद्योगाला इतका मोठा सन्मान क्वचितच लाभला असेल.

बेर्गियस तोवर लाकडाकडे वळले होते. लाकूड आणि अतितीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, एवढ्यावर त्यांनी साखर काढली. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांचीच लांबलचक साखळी, आम्ल ती तोडते. इथे ना ४०० अंश, ना २०० वातावरणे. पण भांडे इथेही छळत राहिले, कारण या आम्लापुढे साधे लोखंड टिकत नाही आणि आम्ल परत मिळवून पुन्हा वापरले नाही तर हिशोब बसत नाही. त्या साखरेचा उपयोग मुख्यतः जनावरांच्या खाद्याला आणि यीस्ट वाढवायला झाला. कोळशाच्या तेलापुढे हा उद्योग कुणाच्या लक्षात राहिला नाही. खरे तर वीस वर्षांपूर्वी ज्या सेल्युलोजचा त्यांनी कोळसा केला, त्याच पदार्थाकडे ते परतले होते.

कोळशाच्या तेलाचा आतबट्ट्याचा हिशोब शेवटी सरकारने जुळवून दिला. डिसेंबर १९३३ मध्ये नाझी राजवटीने फार्बेनशी करार केला: वर्षाला साडेतीन लाख टन पेट्रोल करा, भावाची हमी आमची. त्यानंतर कारखाने वाढत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचे जवळजवळ सगळे पेट्रोल याच पद्धतीने तयार होत होते. बेर्गियस यांचा जन्म ज्या सायलेशियातला, तिथल्याच ब्लेखहामरच्या कारखान्यात आउशवित्झच्या उपछावणीतले कैदी राबवले गेले. या कारखान्यांत बेर्गियस यांचा ना हिस्सा होता, ना शब्द; मूळ पेटंट मात्र त्यांचेच होते. चरित्राच्या टिपणांत नोबेलनंतर थेट लाकडाची साखर येते, मधले हे पान गाळून. ते गाळू नये.

१२ मे १९४४ रोजी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी लॉयना आणि इतर कारखाने भाजून काढले. कोळशापासून होणारे विमानांचे पेट्रोल एप्रिलमध्ये १ लाख ७५ हजार टन होते, ते सप्टेंबरमध्ये ५ हजार टनांवर आले. विमाने धावपट्टीवर उभी राहिली.

युद्धानंतर बेर्गियस इटली, तुर्कस्तान, स्वित्झर्लंड, स्पेन असे सल्लागार म्हणून फिरले. १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारने त्यांना उद्योग मंत्रालयाचे शास्त्रीय सल्लागार नेमले. ३० मार्च १९४९ रोजी ब्युनोस आयर्स येथे ते वारले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या लुइझियाना नावाच्या गावी सरकारी खाण विभागाने कोळशापासून पेट्रोल करण्याचा कारखाना सुरू केला. गॅलनमागे ११ सेंट खर्च येईल, असे खाण विभाग म्हणे. तेल कंपन्यांचा हिशोब ४१ सेंटांचा होता. वाद रंगला, आणि १९५३ मध्ये वॉशिंग्टनने कारखान्याचा पैसाच बंद केला.