जीप जैसे थे

आमच्या नाशिकच्या घरासमोर वडिलांची १९६० सालची महिंद्रा जीप उभी आहे. ‘उभी’ या एका शब्दात तिच्या प्रकृतीचे संपूर्ण वर्णन आले!

परवा सातपूरच्या मिस्त्रींना दाखवली. म्हणाले, “डिझेल इंजिन टाकू, रुंद टायर बसवू, स्टिअरिंग उजवीकडे घेऊ. अंजनेरीचा चढ हसत चढेल, साहेब!”

चिरंजीव लगेच मिस्त्रींच्या पक्षात. मी सर्वोच्च न्यायालयाच्या आश्रयाला गेलो. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असे २०१९ सालीच त्यांनी बजावले आहे ना!

निकाल मात्र आईने दिला. डावीकडच्या स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाली, “हे हलवलंस, तर ह्यांनी बसायचं कुठं?”

मिस्त्री चहा न घेताच गेले. जीप अजून उभीच आहे. फक्त आता आम्ही तिला ‘मूळ स्थितीतली’ म्हणतो.